काळी एकचा सोनाटा: एकच रचना वेगवेगळ्या पियानोवादकांकडून कशी ऐकावी

पेटी उघडा. षड्ज काळी एक. मंद्रातला पंचम, मग षड्ज, मग कोमल गंधार, हे तीन सूर एकामागून एक, सावकाश वाजवत राहा. प सा ग, प सा ग, प सा ग, प सा ग. चारदा झालं की एक बार पुरा झाला. डावा हात मोकळा असेल तर खाली खर्जाचा षड्ज धरा, दुसऱ्या बारला तो कोमल निषादावर उतरवा, तिसऱ्याला कोमल धैवतावर. बीथोव्हनच्या ‘मूनलाइट’ सोनाटाची, म्हणजे एकट्या पियानोसाठी भाग पाडून लिहिलेल्या रचनेची, सुरुवात तुमच्या बोटांखाली आली.

इंदुरातल्या मराठी घरांत पेटी असते, तंबोरा असतो, निदान गाणं ऐकणारं कोणीतरी असतंच. पियानो मात्र फारसा नसतो. माझ्याही घरी नाही. गेली काही वर्षं मी रामबागेतल्या आमच्या बैठकीत बसून फोन आणि दोन बऱ्यापैकी स्पीकर एवढ्या भांडवलावर हे संगीत ऐकतो आहे. नव्याने ऐकू लागलेले ओळखीचे लोक एक प्रश्न हमखास विचारतात: सूर सगळे कागदावर लिहिलेले, एकही इकडचा तिकडे करायचा नाही, मग तीच रचना पाच जणांची कशाला ऐकायची?

प्रश्न रास्त आहे. उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मारवा ऐकला आणि मग दुसऱ्या कोणाचा ऐकला, तर विस्तार वेगळा, बंदिश वेगळी, ताना वेगळ्या. फरक शोधावा लागत नाही. सोनाटात सूर तेच राहतात, म्हणून सगळा फरक सुरांच्या मधे जाऊन बसतो: लय किती धरली, कोणत्या सुरावर वजन टाकलं, कुठे श्वास घेतला, सूर विझू दिला की मागे रेंगाळत ठेवला. या गोष्टी ऐकायला आपला कान आधीच शिकलेला असतो. त्याला फक्त कुठे ऐकायचं ते सांगावं लागतं. गाण्यात आपण म्हणतो ना, ‘काय जागा घेतली!’ तसंच इथे करायचं. अख्खा सोनाटा एका वेळी तुलनेला घ्यायचा नाही, त्यातल्या चार-पाच जागा धरायच्या आणि प्रत्येकाला त्याच जागी गाठायचं.

सुरुवात कोणत्या सोनाटाने करावी

मी मूनलाइटच सुचवीन. फार वाजवला जातो म्हणून काही जाणकार नाक मुरडतात, पण नव्या श्रोत्याला त्याचाच फायदा आहे. पंधरा मिनिटांच्या आसपास संपतो, तीनच भाग आहेत, तिन्हींचा स्वभाव अगदी वेगळा आहे आणि ध्वनिमुद्रणं भरपूर मिळतात.

थोडी माहिती हाताशी असू द्या. बीथोव्हनने तो १८०१ साली लिहिला आणि १८०२ साली व्हिएन्नात छापून आला. क्रमांकाने चौदावा सोनाटा, ओपस (छापील रचनाक्रमांक) २७ मधला दुसरा. ज्युलिएटा ग्विचार्दी या आपल्या शिष्येला त्याने तो अर्पण केला. ‘मूनलाइट’ हे नाव त्याचं नाही. लुडविग रेलश्टाब या जर्मन समीक्षकाला पहिला भाग ऐकून सरोवरावरचं चांदणं आठवलं आणि ते नाव चिकटलं. बीथोव्हनने स्वतः लिहिलं होतं ‘क्वासी उना फांतासिया’, म्हणजे जवळजवळ मनसोक्त कल्पनाविस्तार वाटावा असा सोनाटा. हे तीन शब्द चांदण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतात. चांदणं मनात धरून बसलात तर संथ आणि मऊ वाजवणारा प्रत्येक जण बरोबर वाटेल, बाकीचे चुकीचे.

ध्वनिमुद्रणं निवडताना

पहिल्या बैठकीला तीन पुरेत. एकमेकांसारखे तीन घेतलेत तर काहीच हाती लागणार नाही, म्हणून मुद्दाम लांब लांबचे घ्या.

मी नव्या माणसाला आधी विल्हेल्म केम्प्फ देतो. १९६४-६५ च्या सुमारास त्याने बीथोव्हनचे बत्तीसही सोनाटा स्टीरिओत ध्वनिमुद्रित केले, त्यातला हा. आवाज स्वच्छ, अतिरेक कुठेच नाही, सूर गाता ठेवण्याची हातोटी विलक्षण. तो कायमची फूटपट्टी म्हणून नव्हे, पण बाकीचे किती लांब गेले हे कळायला एक ठिकाण लागतं, तेवढ्यापुरता.

दुसरा सॉलोमन. हा इंग्रज पियानोवादक याच एका नावाने ओळखला जाई. १९५०च्या दशकात त्याने बीथोव्हनचे सोनाटा ध्वनिमुद्रित करायला घेतले, पण १९५६ साली पक्षाघात झाला आणि काम अर्धवट राहिलं. त्याचा मूनलाइटचा पहिला भाग आठ मिनिटांच्या वर जातो. तिसरा ग्लेन गूल्ड, १९६७. हाच भाग त्याने चार-सव्वाचार मिनिटांत संपवला. बहुतेकांना साडेपाच ते साडेसहा मिनिटं लागतात. म्हणजे सूर तेच, कागद तोच आणि एकाची लय दुसऱ्याच्या जवळजवळ निम्मी.

हे तिघे ऐकून झाले की आणखी चार नावं वहीत लिहून ठेवा. आर्टुर श्नाबेल: बत्तीस सोनाटांचं पहिलं संपूर्ण ध्वनिमुद्रण त्याचं, लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत १९३२ ते १९३५. एमिल गिलेल्स: पोलादी हात, पण आवाज कधी कर्कश होत नाही. १९८५ साली तो गेला तेव्हा बत्तीसपैकी पाच सोनाटा ध्वनिमुद्रित व्हायचे राहिले होते. आंद्राश शिफ: झुरिकच्या टोनहालेत श्रोत्यांसमोर केलेली ध्वनिमुद्रणं. आणि रोनाल्ड ब्राउटिगाम, ज्याने हे सोनाटा आजच्या पियानोवर नव्हे, बीथोव्हनच्या काळातल्या वाद्यांच्या प्रतींवर वाजवले आहेत. त्याच्याकडे पेडलच्या वेळी पुन्हा येऊ.

वादक आणि साल पक्कं करा

ही पायरी रुक्ष आहे, पण चुकवू नका. केम्प्फने बत्तीस सोनाटा स्टीरिओच्या आधी, १९५१ ते १९५६ मध्येही मुद्रित केले होते. व्लादिमिर होरोवित्झ या पियानोवादकाने मूनलाइट १९५६ मध्येही केला आणि १९७२ मध्येही. नुसतं नाव लिहिलंत तर महिन्याने तुम्हालाच कळणार नाही की आपण नेमकं काय ऐकलं होतं. नाव, साल आणि प्रत्येक भागाची लांबी मिनिट-सेकंदांत लिहा.

लांबी लिहायचं कारण मी अनुभवाने शिकलो. कोणीतरी नेटवर चढवलेला एक मूनलाइट मी एका थोर वादकाचा म्हणून वर्षभर ऐकला, चार जणांना ऐकवला, त्यातल्या तिसऱ्या भागावर तास तास बोललो. पुढे त्या वादकाची खरी तबकडी हाती आली तेव्हा पहिल्या भागाच्या लांबीतच पाऊण मिनिटाचा फरक निघाला. वादक दुसराच होता. वाजवणं काही त्यामुळे वाईट ठरलं नाही, पण ज्याचं कौतुक त्याला मिळालं नाही, ही रुखरुख मला अजून आहे.

याहून मोठं प्रकरण जगाने २००७ साली पाहिलं. जॉयस हॅटो या ब्रिटिश पियानोवादिकेच्या नावाने निघालेल्या शंभरावर सीडींचं समीक्षकांनी तोंड भरून कौतुक केलं होतं. एकाने त्यातली फ्रान्झ लिस्ट या संगीतकाराच्या रचनांची सीडी संगणकात घातली, तर संगणकाने वादकाचं नाव दाखवलं लास्लो सिमोन. तपास झाला आणि कळलं की दुसऱ्यांची ध्वनिमुद्रणं तिच्या नावावर खपवली गेली होती. तिच्या नवऱ्याने पुढे ते कबूल केलं. नाव आधी कानात शिरतं आणि सूर मागून येतो, याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही. त्यावरचा उपाय शेवटी सांगतो.

आवाज सारखा करा

दोन ध्वनिमुद्रणांपैकी एक जरासं मोठं लागलं तर कानाला तेच जास्त जिवंत वाटतं. हा कानाचा धर्म आहे. म्हणून तुलनेआधी पहिला भाग पाच-दहा सेकंद लावून सगळ्यांचा आवाज एकसारखा करून घ्या. फोनमधलं बास वाढवणारं, आवाज घुमवणारं जे काही असेल ते बंद. एका गाण्यातून दुसऱ्यात विरघळत नेणारी सोय असते, तीही बंद, कारण एक महत्त्वाची जागा ती खाऊन टाकते. हेडफोन चालतील, पण सगळी ध्वनिमुद्रणं त्याच हेडफोनवर ऐका.

जुन्या ध्वनिमुद्रणात खरखर असते. सुरुवातीची दोन मिनिटं ती बोचते, मग कान तिला बाजूला सारतो. आपण अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐकतोच की. मात्र पेटीवर काळी एक धरून पाहा. जुनी तबकडी उतरवताना वेग चुकला तर पट्टी वर-खाली होते आणि लयही त्याबरोबर हलते. एखाद्या श्नाबेलचा षड्ज पांढरी दोनकडे सरकलेला दिसला तर ती घाई श्नाबेलची नाही, यंत्राची आहे. ब्राउटिगामसारख्यांचे जुन्या घाटाचे पियानो मुळातच थोडे उतरते लावलेले असतात, तिथे गोंधळू नका.

आधी एकदा नुसतं ऐका

वही बंद, दिवा मंद. केम्प्फ सुरुवातीपासून शेवटपर्यंत. काही लिहू नका, काही शोधू नका. हे एकदाच.

पहिली जागा: तो पंचम

आता खरं काम. प सा गची लड चालू आहे, चार बार नुसती तीच. पाचव्या बारच्या शेवटी वर एक सूर येतो. पंचमच. लांब, आखूड, लांब. पुन्हा तोच पंचम, आणि मग तो किंचित सरकून कोमल धैवताला लागतो. या एवढ्याशा हालचालीवर पहिल्या भागाचा सगळा भार आहे. हे अर्धं मिनिट तिघांकडून लागोपाठ ऐका. पुन्हा ऐका. दहादा ऐकलंत तरी वेळ वाया जाणार नाही.

काय ऐकायचं? आधी तो पंचम लडीच्या वर किती तरंगतो ते. बोटं एकाच हाताची आहेत, खालची दोन-तीन बोटं लड वाजवतात आणि त्याच हाताच्या करंगळीने वरचा सूर काढायचा असतो. खालचे सूर हळू आणि करंगळीचा मोठा, तेही एकाच पंज्यातून. केम्प्फची करंगळी ऐका, गळ्यातून आल्यासारखी वाटते.

मग तो आखूड सूर. बीथोव्हनने तो लडीतल्या तिसऱ्या सुराच्या किंचित नंतर लिहिला आहे, मात्रेच्या बाराव्या भागाने. सॉलोमनच्या संथ लयीत हे अंतर साधारण दीड दशांश सेकंद पडतं, गूल्डच्या लयीत जेमतेम त्याच्या निम्मं. काही वादक ते अंतर स्पष्ट ठेवतात, काही तो सूर लडीला चिकटवून टाकतात. चिकटला की ओळ मऊ होते. सुटा राहिला की अंत्ययात्रेच्या पावलांसारखं काहीतरी ऐकू येतं. तबल्यावर बोल किंचित मागे ठेवणं ज्यांना कळतं, त्यांना हे पहिल्या खेपेलाच कळेल.

आणि मग धैवत. कोणी त्याच्यावर कळत नकळत थांबतं, कोणी सरळ पुढे जातं. गूल्ड पुढे जातो. मला त्याच्या या भागात राहायला जागा मिळत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो, पण त्याच्या बाजूने बोलण्यासारखं आहे. बीथोव्हनने बारमध्ये चार नव्हे, दोनच मात्रा मोजायला सांगितल्या आहेत. दोन मोजल्या की लड वाहू लागते, चार मोजल्या की ती एकेक पायरी उतरते. कागद हातात धरून वाद घालायचा तर गूल्डची बाजू आपल्याला वाटते तेवढी दुबळी नाही.

सॉलोमनचं ऐकताना मला अमीर खाँसाहेबांची अतिविलंबित लय आठवते, झुमऱ्यातली. तिथेही पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं की काही घडतच नाही. पण एक मोठा फरक आहे आणि तो नव्या श्रोत्याने नीट समजून घ्यावा. गायक सूर धरून ठेवू शकतो, भरू शकतो, मींडेने पुढच्या सुरात नेऊ शकतो. पियानोचा सूर हातोडी पडली त्या क्षणी सर्वांत मोठा असतो आणि तिथून नुसता विझत जातो. लय जितकी संथ, तितका पुढचा सूर येईपर्यंत आधीचा जास्त विझलेला. म्हणजे संथ वाजवणारा विझणाऱ्या सुरांची ओळ बांधत असतो. पुढचा सूर आधीच्याच्या उरलेल्या आवाजाला जुळेल एवढ्याच जोराने टाकावा लागतो, नाहीतर ओळ तुटते. सॉलोमनची आठ मिनिटं तुटत नाहीत, म्हणून मी ती ध्वनिमुद्रणं परत परत लावतो.

दुसरी जागा: पेडल

पहिल्या भागाच्या माथ्यावर बीथोव्हनने इटालियनमध्ये लिहिलं आहे की हा सगळा भाग अत्यंत नाजूकपणे आणि ‘सेंझा सोर्दिनो’ वाजवावा. सोर्दिनो म्हणजे तारांवर बसून आवाज बंद करणाऱ्या गाद्या. त्या उचलून ठेवा, म्हणजे आजच्या भाषेत उजवं पेडल दाबून ठेवा. सगळा भागभर!

आजच्या पियानोवर शब्दशः तसं केलं तर दुसऱ्या बारलाच चिखल होतो: खालचा षड्ज अजून घुमतोय आणि त्यावर कोमल निषाद येऊन पडतो. बीथोव्हनच्या हाताखालचा पियानो मात्र लाकडी चौकटीचा, पातळ तारांचा, कातडी लावलेल्या लहान हातोड्यांचा, साधारण पाच सप्तकांचा होता. पेडलऐवजी गुडघ्याने वर दाबायची पट्टी असे. त्यावरचा सूर लवकर विझायचा, त्यामुळे दोन स्वरसमूह एकमेकांत मिसळले तरी धुक्याइतकेच मिसळत.

इथे ब्राउटिगाम लावा, फक्त पहिली दोन मिनिटं. मग शिफ. शिफ आजच्याच पियानोवर वाजवतो, पण ही सूचना त्याने मनावर घेतली आहे: लय थोडी पुढची, पेडल थोडंसंच दाबून धरलेलं. त्याच्या बारबदलांवर कान ठेवा, आधीचा खर्ज पुढच्यात सावलीसारखा उतरतो. मग केम्प्फ किंवा गिलेल्स, जे खर्ज बदलला की पेडल बदलतात आणि प्रत्येक बार धुऊन स्वच्छ करतात. बीथोव्हनचा शिष्य कार्ल चेर्नी यानेही खर्जाच्या प्रत्येक सुराला पेडल नव्याने घ्यायला सांगितलं आहे, तेव्हा स्वच्छ वाजवणाऱ्यांनाही घरातलाच आधार आहे. तंबोऱ्याच्या घुमाऱ्यात वाढलेल्या माझ्या कानाला शिफची सावली आवडते.

शिफने २००४ ते २००६ मध्ये लंडनच्या विगमोर हॉलमध्ये बत्तीसही सोनाटांवर व्याख्यानं दिली, वाजवून दाखवत. इंग्रजी चालत असेल तर मूनलाइटचं तेवढं जरूर ऐका. पण स्वतःचे कान लावून झाल्यावर.

तिसरी जागा: जिथे काहीच वाजत नाही

पहिल्या भागाच्या शेवटी बीथोव्हनने लिहिलंय, ‘अताका सुबितो’. लगेच पुढचा भाग घ्या. टाळ्या नाहीत, खोकणं नाही. दुसरा भाग त्याच काळी एकवर आहे, कागदावर नाव बदलून लिहिलेला. कोमल गंधार शुद्ध होतो आणि खोलीतली खिडकी उघडल्यासारखं वाटतं. लिस्टने या छोट्या भागाला दोन दऱ्यांमधलं फूल म्हटल्याचं सांगतात.

ती खिडकी किती वेळाने उघडते हे घड्याळावर मोजा. फोनवर ऐकताना दोन भागांमधली शांतता कधी वादकाची असते, कधी सीडी बनवणाऱ्याची, कधी ॲपची. श्रोत्यांसमोरचं सलग ध्वनिमुद्रण असेल तर ती वादकाची असण्याची शक्यता जास्त. दुसऱ्या भागावर मी नव्या श्रोत्याला याहून जास्त वेळ घालवायला सांगत नाही.

चौथी जागा: वरचे दोन ठोके

तिसरा भाग, ‘प्रेस्तो आजितातो’, म्हणजे अतिजलद आणि अस्वस्थ. तेच तीन सूर, पंचम, षड्ज, कोमल गंधार, आता खालून वर वादळासारखे धावत जातात आणि टोकाला दोन ठोके. बहुतेकांना हा भाग नुसता जोराचा वाटतो. पण कागद पाहा. आयएमएसएलपी या संकेतस्थळावर तो फुकट मिळतो आणि वाचता येत नसला तरी ‘पी’ (हळू) आणि ‘एसएफ’ (एकदम जोर) ही अक्षरं शोधता येतात. धाव हळू आवाजात लिहिली आहे. जोर फक्त वरच्या ठोक्यांवर, पेडलही तिथेच.

आता विचारा: धाव खरंच हळू आहे का? खालून वर प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो, की पेडलमुळे लाट झाली आहे? ठोक्यानंतर पुन्हा खाली हळू यायला किती वेळ लागतो? गिलेल्सची धाव लवलवत्या तारेसारखी आहे, सूर मोजता येतील इतकी. श्नाबेलच्या वेगवान भागांत सूर निसटतात, हे त्याचे चाहतेही मान्य करतात. स्टुडिओत तेव्हा थेट तबकडीवर कोरलं जाई, एका बाजूवर चार-साडेचार मिनिटं, कापून जोडायची सोय नव्हती. पण त्याच्या धावेत जो धोका आहे तो मला बिनचूक वाजवणाऱ्यांत क्वचितच सापडला. निसटलेल्या सुरांचे गुण वजा करत ऐकाल तर श्नाबेल हातचा जाईल.

एक व्यावहारिक सूचना. तिसऱ्या भागाचा पहिला मोठा तुकडा परत वाजवण्याची खूण कागदावर आहे. कोणी परत वाजवतो, कोणी सोडतो. सोडला की दीड मिनिटाच्या आसपास कमी होतं. म्हणून तिसऱ्या भागाच्या एकूण लांबीवरून कोण जलद हे ठरवू नका. सुरुवातीपासून दुसऱ्या ठोक्यापर्यंतचे सेकंद मोजा.

पाचवी जागा: वादळ थांबतं तिथे

शेवटच्या अर्ध्या-पाऊण मिनिटात सगळं कोसळत खाली येतं आणि अचानक ‘अदाजो’: खर्जात अगदी थोडे सूर, संथ. मग पुन्हा वेग, आणि संपतं. त्या थोड्या सुरांत वादकाने पहिल्या भागाची आठवण ठेवली आहे का, हे मी शोधतो. काहींच्या हातात ते नुसतं दम घेणं असतं. काहींच्या हातात पहिला भाग क्षणभर परत येऊन उभा राहतो.

वहीत काय लिहावं

तारे आणि गुण नकोत. प्रत्येक जागेला प्रत्येक वादकाबद्दल एक वाक्य, तेही क्रियापदाने बोलणारं: ‘धैवतावर थांबतो’, ‘आखूड सूर चिकटवतो’, ‘ठोका देऊन लगेच हात काढतो’. ‘सुंदर’, ‘भावपूर्ण’ असे शब्द लिहिले की आठवड्याने त्यांतून काहीच ऐकू येत नाही. महिन्याभरात हीच वाक्यं बदलतील. जुनी खोडू नका, खाली तारीख टाकून नवी लिहा.

नाव झाकून ऐका

हॅटो प्रकरणावरचा उपाय तो हाच. स्वतःच्या स्वतःला नाव झाकता येत नाही, म्हणून घरातलं कोणीतरी हाताशी घ्या. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी आम्ही हे केलं. सकाळचे पोहे झाले होते, बशांत शेव आणि जीरावण तसंच पडलेलं. शेजारच्या मुलीने सहा चिठ्ठ्यांवर एक ते सहा आकडे घालून ध्वनिमुद्रणं त्या क्रमाने लावली. तिच्याशिवाय कोणाला काही माहीत नव्हतं. फक्त पहिली जागा, प्रत्येकाचं अर्धं-पाऊण मिनिट.

आत्या कोपऱ्यात तक्क्याला टेकून बसली होती. ती गाणं शिकलेली, पियानोचा सोनाटा तिने आयुष्यात ऐकला नव्हता. पहिल्या नंबरला ती काही बोलली नाही. दुसरा लागला तशी ती पुढे सरकली.

“अरे, हा सूर लावल्या लावल्या विझतोय.”

“पियानोचं तसंच असतं, आत्या.”

“मग हा थांबतो कशाच्या भरवशावर?”

तिला उत्तर द्यायला कोणालाच सुचलं नाही. चौथ्या नंबरला ती म्हणाली, हा चालतोय, पाऊल मोजून टाकतोय, वळून बघत नाही. चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा दुसरा सॉलोमन होता आणि चौथा गूल्ड. मी स्वतः पाचव्याला केम्प्फ समजलो होतो, तो निघाला गिलेल्स. माझ्या वहीत केम्प्फबद्दल जे लिहिलं होतं त्यातलं निम्मं त्या दिवशी मला पुन्हा तपासावं लागलं.

बाकीचे चहाला उठले. आत्याने पेटी जवळ ओढली, भाता हलवला, काळी एकचा पंचम धरला आणि बोट धैवतावर नेऊन तिथेच ठेवलं. पेटीचा सूर विझत नाही. तो बराच वेळ धरून तिने सोडला आणि शेजारच्या मुलीला म्हणाली, “दुसरा नंबर पुन्हा लाव. एवढीच जागा.”